घरचं आधी, मालाचं नंतर

"बाई, ह्यो कागद खोटा हाय," असं म्हणून त्या माणसाने पाकीट थेट माझ्या टाइपरायटरवर ठेवलं. "तुमच्या हापिसात कुनीतरी आबासायबांच्या नावानं खोटी पत्रं धाडतंय. त्येंच्या कानावर घालाय आलोय."

मी पाकिटाकडे पाहिलं. वरचा पत्ता मीच टाइप केला होता. आतल्या पत्राखाली आबासाहेबांच्या सहीचा रबरी शिक्काही मीच मारला होता, आणि तो शिक्का त्या घडीला माझ्या ड्रॉवरमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी पडला होता.

"आपण कोण?" मी विचारलं.

"भानुदास लेंगरे. आटपाडीकडचा एजंट."

मी खुर्चीतून उठलेच. कितीतरी वर्षं मी या माणसाला पत्रं लिहीत होते. त्याची म्हैस कधी आजारी पडली, सुनेचं आणि त्याचं कशावरून वाजलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो कसा घाबरला, सगळं मला पाठ होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो उंचापुरा, झुपकेदार मिशांचा होता. समोर उभा होता तो चणीने लहान, कॉलर उलटून शिवलेला स्वच्छ शर्ट घातलेला म्हातारा. बगलेत आमच्याच कंपनीची कापडी पिशवी होती. मिशा नव्हत्याच.

"बसा, मामा," मी म्हणाले.

सांगलीच्या तेरदाळकर दंतमंजन कारखान्यात मी पत्रव्यवहार खात्यात होते. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि एक टाइपरायटर. कारखाना आबासाहेब तेरदाळकरांनी काढलेला. तरुणपणी डोक्यावर पेटी घेऊन ते स्वतः बाजार फिरले, गावोगाव एजंट नेमले आणि प्रत्येकाला स्वतः पत्र लिहायची सवय ठेवली. मला कामावर घेतलं तेव्हा त्यांनी शिकवलेली गोष्ट एकच. "सदलगेबाई, पत्रात घरचं आधी, मालाचं नंतर. माणूस बरा असेल तर माल खपेल." ते येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लिहून घ्यायची.

मग एका सकाळी आबासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागे राहिला तो एकच शब्द: बरं. पाणी हवंय का, बरं. नको का, बरं. उकडतंय, बरं. सून रडत समोर बसली तरी बरं.

कारखाना त्यांच्या मुलाने हातात घेतला. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोलावून बजावलं, "आबांच्या आजाराचं बाहेर कोणाला कळता कामा नये. डबीवर त्यांचा फोटो आहे, बत्तिशी दाखवत हसणारा. तोच माणूस अंथरुणाला खिळलाय म्हटल्यावर मंजन कोण घेईल? पत्रं चालली आहेत तशी चालू द्या. तुम्हाला त्यांची भाषा येते." सहीचा शिक्का करून आला, माझ्या ताब्यात मिळाला, आणि त्या दिवसापासून मी आबासाहेब झाले. बिनलग्नाची, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी मी, महाराष्ट्रभरच्या बाप्यांना वडीलकीच्या चार गोष्टी सांगू लागले. माझं मलाच कधी कधी हसू यायचं.

आता धाकट्या साहेबांनी पुण्याच्या एका मोठ्या वितरकाशी करार केला होता. त्यांच्या गाड्या गावोगाव माल पोचवणार, म्हणून जुन्या एजन्सी बंद. ते पत्र वकिलांनी लिहून दिलं होतं. मी फक्त नावं घातली आणि शिक्के मारले.

लेंगरेमामांनी पाकिटातून तेच पत्र काढलं आणि बोट ठेवून मला दाखवायला लागले. "हे बगा. 'आपणांस कळविण्यात येते.' आबासायब कवा असं बोलत्यात व्हय? आन् घरचं एक अक्षर न्हाई! माझी म्हस आजारी हुती तवा माल ऱ्हायला बाजूला, आदी म्हशीचं इचारलं हुतं त्येनी. ज्यानं म्हशीचं इचारलं त्यो मानूस माझं पोट मारताना घरचं इचारल्याबिगर ऱ्हाईल?"

"एजन्सी सगळ्यांच्याच बंद झाल्यात, मामा," मी कशीबशी म्हणाले.

"सगळ्यास्नी खोटं पत्र गेलं आसंल मग!" त्यांनी हात झटकला. "बाई, मी ह्या मंजनाबिगर कोन हाय सांगा. दिगंची, खरसुंडी, समद्या बाजारात मला मंजनवाले लेंगरे म्हंत्यात. पोरगा शेती बगतोय, सून घर बगती. बाजार गेला तर मी वट्ट्यावर बसून माश्या मारायच्या. आबासायब आसं करनार न्हाईत. हे बगा, हे हाय त्येंचं पत्र."

पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पत्र काढलं. घड्यांवर विरलेलं होतं, तरी मी लांबूनच ओळखलं. त्यांची बायको सुभद्राबाई गेली तेव्हाचं ते. मामांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचायला लागले.

"'घरातले चार दिवस तुम्हांला जपतील, मग आपापल्या कामाला लागतील. त्यांच्यावर रागावू नका. सकाळी सवयीने चहाचे दोन कप भरले जातील. दुसरा ओतून टाकू नका. दारावर जो येईल त्याला द्या.'" त्यांनी चष्मा काढून पुसला. "बायको गेली तवा सोयऱ्याधायऱ्यांनी तारा केल्या, पर आसं कुनी लिवलं न्हाई. मी अजून दोन कप भरतो, बाई. येक दारावर देतो. ज्यानं हे लिवलं त्यो माझी येजन्सी काडून घील?"

ते पत्र लिहिलं तेव्हा माझी आई नुकतीच गेली होती. रोज सकाळी दोन कप मीच भरत होते. कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी ते आबासाहेबांच्या नावाने एका मंजनविक्याला लिहून टाकलं होतं. तेच पत्र आता कोणी माझ्यासमोर वाचत होतं आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

"थांबा, मी आत विचारून येते," एवढंच म्हणून मी उठले.

धाकटे साहेब पुण्याशी फोनवर होते. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी माझं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख लांबलचक वाटतं.

"सांगा, आबा कोणाला भेटत नाहीत. चहा पाजा आणि एसटीत बसवून द्या." आणि पुन्हा फोनला लागले.

मी बाहेर येऊन सांगितलं. लेंगरेमामांचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं. उलट ते माझ्याजवळ वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भेटत न्हाईत का भेटू देत न्हाईत?"

"तसं काही नाही हो."

"तुमी भिऊ नगा. तुमची नोकरी हाय, मला कळतंय. मी हितंच बसतो फाटकाला. येतील की कवातरी भाईर."

आणि खरोखरच जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेऊन, ऊन अंगावर घेत, सासुरवाडीला आल्यासारखे निवांत. मी समोर ढीगभर पत्रं घेऊन बसले होते, पण एकाही पत्रात घरचं आधी विचारायचं मला सुचेना. आबासाहेब कधीच बाहेर येणार नव्हते आणि हा माणूस उठणार नव्हता. मध्ये मी.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी उठले. आबासाहेबांबद्दल बोलायची मला बंदी होती. चालायची नव्हती. कारखान्यामागेच बंगला होता, आणि थंडीच्या दिवसांत आबासाहेबांना दुपारी व्हरांड्यात उन्हाला बसवत. याला नुसतं नेऊन उभं करावं, असं माझ्या मनात आलं. पाहील, समजेल. मला तोंड उघडायला लागणार नाही.

"चला, मामा," मी म्हणाले. "पण दोनच मिनिटं."

आबासाहेब आरामखुर्चीत होते. अंगावर शाल, उजवा हात शालीच्या आत. तोंड एका बाजूला ओढलेलं. सोनाबाई, त्यांचं सगळं करणारी, कटोरीतून पेज भरवत होती. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता कळेल, आता कळेल.

त्यांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि सरळ आडवे होऊन नमस्कार घातला. उठले तेव्हा डोळ्यांना धार लागली होती.

"आबासायब, मी भानुदास. आटपाडीचा. लई वर्सं मनात हुतं बगा."

आबासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. झटक्यापासून ते सतत यायचं, सोनाबाई दिवसभर पुसत असायची. मामांना ते कसं ठाऊक असणार?

"तुमच्या नावानं खोटं पत्र आलंय, आबासायब. माझी येजन्सी काडली म्हून. ते तुमचं न्हवं, व्हय ना?"

"बरं," आबासाहेब म्हणाले.

"मंग मी बाजार चालू ठिवू न्हवं?"

"बरं. बरं."

सोनाबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अवो दादा, त्यांना—" ती बोलायला गेली आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिलाही तीच ताकीद होती. तिने चमचा कटोरीत बुडवला आणि खाली मान घातली.

परतताना लेंगरेमामांचे पाय जमिनीला लागत नव्हते. "दिला का न्हाई शबुद! आवं, मानूस कसा वळखावा ते आमाला इचारा."

"मामा," मी धीर करून म्हणाले, "त्यांची तब्येत पाहिलीत ना? हात, तोंड… त्यांना बोलवत नाही फारसं."

"पाह्यली की. वय झालं. म्हून तर तुमी लिवून घेताय. त्ये सांगत्यात, तुमी लिवताय. टाइप तुमचा, पर बोल त्येंचा. मला समदं ठावं हाय."

मी थांबले. तोंडाशी आलं होतं, की मामा, तो बोल माझा होता. तुमच्या म्हशीचं मी विचारलं, दुसरा कप माझ्या घरातला. पण नोकरीची भीती जरा बाजूला ठेवली तरी पुढे काय? ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या दोन ओळींवर हा बायकोचं दुःख रेटून उभा राहिला, तो माणूसच नव्हता असं याला सांगायचं? मी त्यांना स्टँडसमोर चहा पाजला आणि आटपाडीच्या गाडीत खिडकीशी बसवून दिलं. गाडी वळेपर्यंत ते हात हलवत होते.

थोड्याच दिवसांत त्यांचं पत्र आलं. 'समक्ष शब्द दिलात त्याप्रमाणे बाजार चालू ठेविले आहेत. सोबत ते खोटे पत्र चौकशीसाठी जोडले आहे.' वकिलांनी दुसरं पत्र धाडलं. तेही परत आलं, समासात लिहून: 'हेही तुमचे नव्हे.' मग पुण्याच्या वितरकाचा फोन आला. दिघंचीच्या बाजारात एक म्हातारा त्यांच्या गाडीपुढे आडवा उभा राहून मालकाने मला शब्द दिलाय म्हणतो, माणसं गोळा होतात.

धाकट्या साहेबांनी मला बोलावलं. "याला आबांकडे कोणी नेलं?"

"मी नेलं, साहेब."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते ओरडले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "मग तुम्हीच लिहा. वकिलाचं पत्र तो खोटं मानतो. तुमचं मानेल."

"साहेब, त्यापेक्षा खरं सांगून टाकू या. आबासाहेबांचं आजारपण—"

"आणि इतकी वर्षं पत्रं कोण लिहीत होतं म्हणून विचारलं तर? प्रत्येकाने ती जपून ठेवली आहेत, तुम्हीच सांगता. काय उत्तर देणार?" त्यांनी परत आलेली दोन्ही पत्रं माझ्यापुढे सरकवली. "नाही तर वकील म्हणतात पोलिसात तक्रार करू, नावाचा गैरवापर म्हणून. मला ते नकोय. या वयात त्याला चौकीवर बसवायचं का, तुम्ही ठरवा."

ठरवायला त्यात होतं काय? मी टाइपरायटरला कागद लावला.

आधी मुद्दाम कोरडं लिहिलं. 'आपली एजन्सी बंद करण्यात आली आहे.' आणि लगेच लक्षात आलं, की असं लिहिलं तर तो तेही परत पाठवणार, मग चौकी टळत नाही. त्याला पटायचं तर पत्र चांगलंच व्हायला हवं होतं. त्याचा घास काढून घ्यायचा तर त्याच्या पाठीवर हात फिरवूनच काढायला हवा होता, आणि तसं लिहिणारं कारखान्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी कागद काढून फाडला आणि नवा लावला. घरचं आधी. सूनबाई बाळंतपणाहून परतली का, नातवाचं नाव काय ठेवलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. मग मालाचं. 'भानुदासराव, आता माझ्याच्याने होत नाही. कारखाना मुलाच्या हाती दिला आहे आणि त्याच्या रीतीने तो चालवील. तुम्ही आणि मी एकाच काळाचे. आपण दोघांनीही पेटी खाली ठेवावी, असे मला वाटते.' शिक्का कागदावर तिरका पडला आणि सही जरा वाकडी उठली. आजारी माणसाची सही म्हणून ती शोभलीसुद्धा. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्र तेच, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याची शिसारी येत होती.

त्यानंतर एसटीच्या पार्सलने एक चपटं गाठोडं आलं. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली पत्र्याची पाटी: 'तेरदाळकर दंतमंजन. अधिकृत विक्रेते, भा. लेंगरे'. घासूनपुसून लख्ख केलेली. सोबत पत्र होतं.

'आबासाहेबांस भानुदासचा साष्टांग नमस्कार. पत्र पोचले. हे मात्र तुमचेच. पहिल्या ओळीला वळखले, त्यामुळे आता शंका राहिली नाही. पुण्याच्या लोकांस बाजारातली माझी जागा दाखवून दिली. सावलीची आहे. नातवाचे नाव यशवंत ठेविले. त्या दिवशी आपण समक्ष शब्द दिलात, तो मोडला म्हणून जिवाला लावून घेऊ नये. तब्येत बरी नसता दिलेला शब्द मी धरीत नाही, कोणाजवळ काढणारही नाही. दुसरा कप अजून दारावर देतो. आणखी एक. तुमचे लिहून घेणारी ती बाई भली आहे. मला चहा पाजला, गाडीत बसविले. तिच्या मनात काही होते, ते ती बोलली नाही. घरी कोणी नसेल तिला. अधूनमधून तिचेही घरचे विचारीत जावे.'

कोपऱ्यात धाकट्या साहेबांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला होता: उत्तर नको. फाइल करणे.

तो कारखाना बंद पडूनही आता खूप वर्षं झाली. त्या दुपारी मात्र मी ते पत्र फाइलला न लावता बंगल्यावर नेलं. आबासाहेबांच्या नावाचं होतं, त्यांना वाचून दाखवायला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. सोनाबाई धुणं वाळत घालत होती. मी आरामखुर्चीशेजारी स्टुलावर बसले आणि पहिल्या नमस्कारापासून सगळं वाचलं. शेवटची ओळसुद्धा.

आबासाहेब माझ्याकडे बघत होते. डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी येत होतं.

"बरं," ते म्हणाले.

मी त्यांचे डोळे पुसले, पत्राची घडी घातली आणि कामावर परत गेले.